साधन आले, दायित्व कोणाचे?

आपल्या समितीच्या गेल्या बैठकीत एक विषय निघाला आणि निर्णयावाचून राहिला. एका सद्गृहस्थांनी, आपले नाव प्रसिद्ध न करण्याच्या अटीवर, सहा टॅबलेट मंदिरास देऊ केले आहेत. सायंकाळच्या आरतीनंतर सभामंडपात नववी ते बारावीच्या मुलामुलींनी त्यांवर अभ्यास करावा, अशी त्यांची इच्छा आहे. बैठकीत दोन मते पडली. एक पक्ष म्हणाला की, ज्या वस्तूने घराघरांतील स्वस्थता घालविली ती वस्तू देवाच्या दारात आणू नये. दुसरा पक्ष म्हणाला की, विद्या ज्या वाटेने येईल त्या वाटेने येऊ द्यावी. शाईत चरबी असते या समजुतीने छापील पोथी सोवळ्यात न घेणारे लोकही एके काळी होतेच, आणि आज आपण सारे छापील पोथीवरूनच पूजा सांगतो.

मी त्या वेळी गाभाऱ्यातील समया उजळीत होतो. दोन्ही पक्षांचे बोलणे कानांवर येत होते. पण वडीलधाऱ्यांच्या सभेत बोलण्याचा माझा अधिकार नव्हता. पुढे संपादकांनी आग्रह केला म्हणून हे चार शब्द लिहीत आहे. माझे शालेय शिक्षण बारावीपर्यंतच झाले आहे. तेव्हा हे पांडित्य नव्हे, एका अनुभवावर केलेला विचार आहे, असे समजून वाचकांनी न्यूनाधिक पदरात घ्यावे.

मला वाटते, हे यंत्र पवित्र की अपवित्र हा प्रश्न खरा नव्हे. खरा प्रश्न असा आहे की, यंत्रातून विद्या मिळू लागली म्हणजे शिकणाऱ्याविषयीचे दायित्व कोणाकडे राहते? हा प्रश्न मला कोणत्या पुस्तकातून सुचला नाही. तो माझ्याच घरात, माझ्याच हातून उत्पन्न झाला.

२०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली, शाळा बंद झाल्या, आणि मंदिराचे दारही भाविकांस बंद झाले. एप्रिलमध्ये मध्य प्रदेश शासनाने ‘डिजिलेप’ नावाचा उपक्रम सुरू केला. वर्गवार व्हॉट्सॲप गट करून त्यांवर पाठांच्या चित्रफिती पाठविल्या जाऊ लागल्या. शाळेने आपला धर्म सोडला नव्हता. पाठ येत होते. पण आमच्या घरी असे पाठ उघडणारा फोन एकच होता. तो वडिलांचा. यजमानांकडील कार्ये थांबली होती, तरी कोणी सत्यनारायण, कोणी वर्षश्राद्ध फोनवरूनच सांगण्याची विनंती करीत, आणि त्याच दक्षिणेवर घर चालत होते. वडिलांचे काम संपले की फोन आम्हा भावंडांकडे येई. त्या जूनपासून मी बारावीत होतो आणि माझी धाकटी बहीण नववीत.

फोन प्रथम कोणी घ्यावा, याचा निर्णय घरात कोणी बोलून केला नाही. तो आपोआप झाला. मी मोठा, मी मुलगा, माझे बोर्डाचे वर्ष. अशी तीन कारणे एकत्र आल्यावर चौथा विचार कोणाच्या मनात येतो? मी फोन घेई. काही वेळ रसायनशास्त्राचा पाठ पाही, आणि मग माझे बोट कुठे जाई ते तरुण वाचकांस सांगावयास नको. त्या वर्षी सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत दुबई, अबुधाबी व शारजा येथे आयपीएलचे सामने चालू होते. एका रात्री मी सामना पाहून उठलो, तेव्हा बहीण जिन्याच्या पायरीवर वही उघडून बसली होती. तिच्या गणिताच्या बाईंनी बहुपदींच्या अवयवांचा पाठ पाठविला होता आणि दुसऱ्या दिवशी दहापर्यंत वहीची छायाचित्रे पाठवायची होती. मी फोन तिच्या हाती दिला. दिवसाचा दीड जीबी डेटा संपला होता. चित्रफितीच्या जागी एक गोल फिरत राहिला. तिने दोन मिनिटे वाट पाहिली आणि म्हणाली, “राहू दे दादा, उद्या बघते.”

उद्या नवा पाठ आला. जुना राहिला तो राहिलाच. असे किती ‘उद्या’ गेले याची मोजदाद मी ठेवली नाही. तिनेही कधी बोलून दाखविली नाही. जून २०२१ मध्ये बारावीची परीक्षा रद्द झाली. आमचे गुण दहावीच्या गुणांवरून ठरले आणि मी परीक्षेस न बसता उत्तीर्ण झालो. ज्या बोर्डाच्या वर्षासाठी मी फोन अडवून ठेवला होता, त्या वर्षाची परीक्षाच झाली नाही! बहिणीची दहावी मात्र पुढील वर्षी वर्गात बसून, प्रश्नपत्रिका समोर ठेवून झाली. गणितात ती काठावर पार पडली. जी मुलगी बारा वर्षांची असल्यापासून वडिलांच्या दक्षिणेचा हिशेब वहीत बिनचूक मांडीत असे, तिने अकरावीत गणित सोडले. सोडताना ती म्हणाली, “मला जमत नाही.” तिला जमत नव्हते असे नाही. मधले एक वर्ष तिच्या पायाखालून निघून गेले होते, आणि ते कोणी पाहिले नव्हते.

ही गोष्ट केवळ आमच्या घराची असती तर मी ती छापावयास दिली नसती. ‘असर’ या नावाने ग्रामीण शिक्षणाची जी पाहणी होते, तिच्या २०२० च्या अहवालात असे आढळले की, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये शेकडा ३६.५ होते, ते दोन वर्षांत ६१.८ झाले. म्हणजे साधन झपाट्याने घरात आले. पण २०२३ मध्ये त्याच संस्थेने चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची पाहणी केली. ज्यांना फोन वापरता येतो अशा मुलग्यांपैकी शेकडा ४३.७ जणांजवळ स्वतःचा फोन होता; मुलींपैकी १९.८ जणींजवळ. घर तेच, आईबाप तेच, आणि प्रमाण निम्म्याहून कमी! हे आकडे खेड्यांचे आहेत, आणि आपण इंदूरकर स्वतःला शहरवासी म्हणवितो. तथापि आपापल्या घरातील फोनची वाटणी प्रत्येकाने एकदा मनाशी आठवून पाहावी. मी आठवली, तेव्हा मला त्या आकड्यांत माझाच हात दिसला.

आता विद्येच्या स्वरूपाकडे वळू. लहानपणी वडिलांनी मला रुद्राची संथा दिली. संथेची रीत बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. गुरू एक चरण एकदा म्हणतो, शिष्य तोच दोनदा म्हणतो. गुरूचे म्हणणे एकदा आणि ऐकणे दोनदा, हे प्रमाण त्या वेळी माझ्या ध्यानी आले नव्हते. वडील डोळे मिटून बसत. माझा स्वर जिथे खाली जावयास हवा तिथे वर गेला, की त्यांचा हात वर होई आणि मी थांबे. पुन्हा तोच चरण. त्वष्ट्याने इंद्राच्या नाशासाठी यज्ञ केला, पण एका शब्दाचा स्वर चुकल्याने फळ उलटे झाले आणि वृत्रच मारला गेला, ही कथा ते मला नेहमी सांगत. आज तोच रुद्र फोनवर शेकडो आवाजांत ऐकावयास मिळतो, आणि त्यांतील कित्येक आवाज माझ्या वडिलांच्या आवाजाहून मधुर आहेत हेही खरे. मी त्यावर एक अनुवाक स्वतः बसविण्याचा प्रयत्न केला. महिनाभराने वडिलांपुढे म्हणून दाखविला तेव्हा त्यात सात चुका निघाल्या, आणि त्या महिनाभर घोकून पक्क्या झाल्या होत्या. यंत्राने मला शंभर वेळा सांगितले होते. एकदाही ऐकले नव्हते.

शाळेतील विद्येलाही हेच लागू आहे. चांगला शिक्षक फळ्याकडे पाठ करून समीकरण लिहितो, मग वळतो आणि चाळीस चेहऱ्यांवरून नजर फिरवितो. कोणाच्या कपाळावर आठी आहे, कोण मान डोलावीत आहे पण वही कोरी आहे, हे तो पाहतो. पाठ देणे हे त्याचे अर्धे काम; पाठ पोचला की नाही हे पाहणे हे उरलेले अर्धे. फोनवर पाठ पाठविला म्हणजे पहिले अर्धे काम होते, कधी कधी शिक्षकाहून सरस होते. दुसरे अर्धे मात्र कोणीतरी उचलावे लागते. कोणी उचलले नाही तर ते कमी होत नाही. ते गुपचूप त्या लेकराच्या डोक्यावर जाऊन बसते. जिन्याच्या पायरीवर माझ्या बहिणीच्या डोक्यावर तेच ओझे होते.

यावर कोणी म्हणेल की, हा लेखक पुजाऱ्याचा मुलगा, जुन्या रीतीचा अभिमानी. त्याला यंत्र खुपणारच. तसे नाही. यंत्राचे गुण नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. हृदयाच्या कप्प्यांतून रक्त कसे फिरते हे पुस्तकातील स्थिर चित्रावरून मला कधी उमगले नव्हते. हलत्या चित्राने ते दोन मिनिटांत उमगले. शिक्षक तोच भाग पाचव्यांदा सांगताना चिडतो. यंत्र पन्नासाव्यांदाही चिडत नाही. वर्गात हात वर करण्यास लाजणारे मूल घरी तोच पाठ मागे नेऊन पुन्हा पाहू शकते. ज्या गावच्या शाळेत भौतिकशास्त्राचा शिक्षकच नाही तिथे तर दूरचा आवाजही देवदूताचा आवाज ठरतो. आपल्या देशात ही आशा नवी नव्हे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोचविले गेले, आणि त्या सहा राज्यांत आपले मध्य प्रदेशही होते. तेव्हापासून आजवर साधन सुधारत आले आहे. परंतु साधन सुधारले म्हणून दायित्वही त्याच्यासोबत पुढे सरकते, हा आपला भ्रम आहे.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे आपल्या विचारास साहाय्य करतील. पहिले सोलापूर जिल्ह्यातील. माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली श्री. रणजितसिंह डिसले हे शिक्षक म्हणून गेले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती आणि तिच्या शेजारी गुरांचा गोठा होता. मुलींची उपस्थिती फारच थोडी. कित्येक मुलांची घरची भाषा कन्नड, आणि पुस्तके त्या भाषेत नाहीत. डिसले गुरुजींनी ती भाषा शिकून घेतली, धड्यांचा अनुवाद केला, आणि पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोडचा चौकोनी ठसा बसविला. त्यावर पालकांचा फोन धरला की कविता, गोष्ट, समजावणी ऐकावयास मिळे. पुढे २०१७ साली ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम यादीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली.

ही शाळा प्राथमिक, आणि आपला विषय माध्यमिक. तरी तत्त्व एकच. या कथेतील चौकोनी ठशाची कीर्ती झाली. पण तो ठसा उमटविण्यापूर्वी एक माणूस परक्या भाषेत मुलांशी बोलावयास शिकला, हे आपण विसरतो. आपल्या इंदुरातील मराठी घरांना याचे महत्त्व विशेष कळावे. आपली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात, आणि गणितातील साधी अडचणही कोणत्या भाषेत विचारावी या संभ्रमात गप्प राहतात.

केंद्र शासनाच्या ज्या शैक्षणिक दालनात आज देशभरच्या पाठ्यपुस्तकांचे पाठ ठेवलेले असतात, त्याचे नाव ‘दीक्षा’ आहे. ते ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, सुरू झाले. नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून जुळविले आहे, तरी आपल्या कानांना त्याचा जुना अर्थ ऐकू येतोच. दीक्षा दुकानातून आणता येत नाही. ती कोणीतरी देतो आणि दिल्यानंतर शिष्याच्या बऱ्यावाईटाचा वाटेकरी होतो.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावचे, आणि ते मंदिराशी निगडित असल्याने आपल्या बैठकीतील पहिल्या पक्षासही रुचेल. टाळेबंदीत मुलांच्या हाती अभ्यासासाठी फोन आले. शाळा उघडल्या, तरी फोन हातातून सुटेनात. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाने सभा घेऊन ठरविले की, रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजेल. तो वाजताच घरोघरचे फोन व दूरदर्शन संच बंद होतील आणि साडेआठपर्यंत मुले अभ्यास करतील. सुरुवातीस लोक हसले. मग ग्रामपंचायतीचे कर्मचारी, अंगणवाडीच्या ताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. या योजनेत मला महत्त्वाचे वाटते ते हे की, फोन केवळ मुलांचे बंद झाले नाहीत, आईबापांचेही झाले. ‘तू अभ्यास कर’ असे सांगून स्वतः मालिका पाहत बसण्याची सोय राहिली नाही. दीड तास सारे गाव आपल्या मुलांना उत्तरदायी झाले.

म्हणजे एका गावाने यंत्र उघडले आणि दुसऱ्याने बंद केले. वरवर पाहता ही दोन विरुद्ध कृत्ये आहेत. परंतु दोन्ही ठिकाणी मुलांच्या शेजारी कोणीतरी येऊन बसले. म्हणून ती दोन्ही मला एकाच धर्माची वाटतात.

येथे एकलव्याची आठवण होणे साहजिक आहे. गुरूविना, केवळ मातीच्या मूर्तीपुढे त्याने धनुर्विद्या साधली. मग यंत्रापुढे आमची मुले का साधणार नाहीत, असे कोणी विचारील. मलाही हा प्रश्न पुष्कळ दिवस छळीत होता. माझे समाधान असे झाले. द्रोणाची ती मूर्ती मुकी होती. तिने एकलव्याला काही शिकविले नाही, पण त्याच्या सरावात विघ्नही आणले नाही. बाण सोडताना ती मध्येच बोलली नाही, दुसरीकडे चालू असलेला खेळ पाहण्यास तिने बोलाविले नाही. आपल्या हातातील यंत्र क्षणोक्षणी काहीतरी मागत असते. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात चौदा ते सोळा वर्षांच्या, म्हणजे नेमक्या माध्यमिक शाळेतील वयाच्या मुलांविषयी असे दिले आहे की, फोन वापरता येणाऱ्यांपैकी शेकडा ५७ जणांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ जणांनी समाजमाध्यमांसाठी. शिवाय एकलव्य हा लाखांत एक होता. त्याच्याजवळ असलेला निश्चय गृहीत धरून सर्वसाधारण मुलांची व्यवस्था लावणे हा न्याय नव्हे. आणि त्याच्या कथेचा शेवट तर आपण जाणतोच. ज्या गुरूने त्याचे कोणतेही दायित्व कधी पत्करले नाही, त्याने त्याचा अंगठा मात्र मागितला. एकलव्याच्या एकटेपणाची थोरवी गाताना त्या एकटेपणात त्याच्या बाजूने बोलणारे कोणीच नव्हते, हे दुःख आपण पाहिले पाहिजे.

आणखी एक शंका अलीकडची आहे. आता प्रश्न विचारताच उत्तर देणारी, निबंध लिहून देणारी, उच्चारही सुधारून देणारी यंत्रे आली आहेत. मग ‘यंत्र ऐकत नाही’ हे माझे म्हणणे कसे टिकावे? मी प्रामाणिकपणे कबूल करतो की ते पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. यंत्र शब्द ऐकते आणि पुष्कळदा योग्य उत्तरही देते. तरीही संथा देणाऱ्यात आणि त्याच्यात एक अंतर राहते. मी यजमानाच्या घरी चुकलो तर माझ्या वडिलांची मान खाली जाते. माझी बहीण गणित सोडते तेव्हा तिच्या बाईंना, मला, आईला काहीतरी टोचते किंवा टोचावयास हवे. यंत्राला काही टोचत नाही. विद्यार्थी उद्या आला नाही तर ते चौकशी करीत नाही. शिवाय शंका मनात पुरती उमटण्यापूर्वीच उत्तर हाती आले, तर शंकेशी झटण्याचा जो व्यायाम बुद्धीला व्हावयाचा तो होत नाही. नववीतल्या मुलाने दुसऱ्याकडून लिहून घेतलेला निबंध शाळेत दिला तर त्याला आपण लबाडी म्हणतो. यंत्राकडून लिहून घेतला तर त्याला निराळे नाव देण्याचे कारण मला दिसत नाही. पण ही लबाडी पकडण्यापेक्षा ती अनावश्यक करणे बरे. मुलाने जे लिहिले ते त्याच्या तोंडून ऐकणारे कोणी आहे, एवढे त्याला ठाऊक असले की बहुतांशी काम होते.

आता कोणी म्हणेल, “आम्हाला बीजगणित येत नाही, इंग्रजी येत नाही, आम्ही मुलांचे काय ऐकणार?” या शंकेचे उत्तर मला डॉ. सुगत मित्र यांच्या प्रयोगात सापडले. १९९९ साली त्यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात झोपडवस्तीच्या बाजूच्या भिंतीत एक संगणक बसविला आणि मुले शिक्षकाविना तो चालवावयास शिकली, ही हकिकत जगभर गाजली. तिचा उपयोग शिक्षकाची गरज नाही असे दाखविण्यासाठी पुष्कळांनी केला. पण पुढची हकिकत कमी लोकांस ठाऊक आहे. तामिळनाडूतील कळिकुप्पम या खेड्यात त्यांनी तमिळ बोलणाऱ्या मुलांपुढे जीवशास्त्रातील एक कठीण विषय इंग्रजीत ठेवला. त्यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे, काही महिन्यांनी मुलांचे गुण शून्यावरून शेकडा तीसपर्यंत आले आणि तेथेच अडले. मग त्यांनी मुलांच्या ओळखीच्या, हिशेबनीस असलेल्या एका तरुणीला विनंती केली. तिला तो विषय मुळीच येत नव्हता. तिने फक्त मुलांच्या पाठीशी उभे राहावे, ‘हे काय केलेस, मला दाखव’ असे विचारावे, आणि कौतुक करावे. आजी करते तसे. गुण पन्नासांपर्यंत गेले. यानंतर त्यांनी इंग्लंडमधील निवृत्त लोकांना संगणकावरून भारतातील मुलांशी बोलते केले. त्या मंडळीस ‘आज्यांचा मेघ’ असे कौतुकाचे नाव पडले. भिंतीतील संगणकापासून निघालेला मनुष्य शेवटी आजीपाशी येऊन पोचला! आपल्या मंदिरात तर आज्यांची वाण नाही.

म्हणून समितीपुढे माझी नम्र सूचना अशी की, देणगी स्वीकारावी, पण यंत्रांच्या आधी माणसांची यादी करावी. रोज आरतीनंतर साडेसात ते नऊ या वेळात कोणी ना कोणी वडीलधारे सभामंडपात बसतील अशी पाळी लागली, तरच कपाटाचे कुलूप उघडावे. ज्या दिवशी बसणारे कोणी नसेल त्या दिवशी ते बंद राहावे. एका टॅबलेटवर दोघांनी बसावे, म्हणजे परस्परांस विचारणे होईल. पाठ पाहून झाला की यंत्र पालथे ठेवून मुलाने समोरच्या आजोबांस किंवा आजींस आपल्या भाषेत सांगावे की, आज मी काय पाहिले आणि कोठे अडलो. अडलेली गोष्ट वहीत लिहून ती दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षकांस विचारावी. शाळेचे काम आपण हिरावून घेऊ नये. ज्यांच्या घरी फोन एकच आहे त्यांची नावे प्रथम लिहावीत. आणि मुलींच्या पाळ्या वहीत आधी लिहाव्यात. आपोआप ठरू दिले तर काय ठरते, ते मी पाहिले आहे.

मंदिरात यंत्र आणावे की नाही, या शंकेविषयी एवढेच म्हणतो. सभामंडपात आपण घड्याळ लावले, ध्वनिवर्धक लावला, पंखे लावले. त्यांनी देवत्वास बाध आला नाही. मुलांना यंत्र देऊन आपण उठून गेलो, तर मात्र बाध येईल. तो मंदिरातच काय, घरातही येईल.

हा लेख पाठविण्यापूर्वी मी तो बहिणीस वाचून दाखविला, कारण तिची गोष्ट तिला न विचारता छापणे हा दुसरा अपराध झाला असता. तिने सारे ऐकून घेतले. जिन्यावरील प्रसंगापाशी ती म्हणाली, “तू तेव्हा विचारलं असतंस ना, काय अडलंय, तरी पुष्कळ होतं.” मग तिने पाळीच्या यादीत मंगळवारी व शुक्रवारी आपले नाव लिहावयास सांगितले. नववीची बहुपदी तिने पुन्हा काढली आहे. मुलांनी विचारले तर यावी म्हणून. बुधवारी व शनिवारी मी बसेन. मला गणित बेताचेच येते, पण ऐकण्यास मी बसेन. उरलेल्या वारांपुढे जागा रिकामी आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी आरतीनंतर वडिलांकडे किंवा माझ्याकडे नाव द्यावे, ही विनंती.